कुलासोंनंतरचा धेंपो

तुळजापुरात बसून गोव्यातील एका फुटबॉल क्लबाविषयी लिहिणे काहींना विजोड वाटेल. आमच्या मुलखाचे खेळ कुस्ती आणि खो-खो. परंतु कुस्तीमुळेच एक गोष्ट इथल्या माणसाला न सांगता कळते: तालीम वस्तादाच्या नावाने ओळखली जाते. मल्ल येतात, जातात. वस्ताद गेला की तालमीचे एक पर्वच मिटते. फुटबॉलमध्ये याच्या उलट. तेथे क्लब कायम आणि प्रशिक्षक कराराचा धनी. मनावर संस्कार तालमीचा आणि प्रेम मात्र क्लबावर, अशा चाहत्याची प्रशिक्षक बदलताना जी ओढाताण होते, ती 2013 मध्ये धेंपो स्पोर्ट्स क्लबाच्या चाहत्यांनी अनुभवली.

आर्मांदो कुलासो यांनी 2000 मध्ये धेंपोची सूत्रे हाती घेतली. पुढील तेरा वर्षांत क्लबाने पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवले: 2004-05 आणि 2006-07 मध्ये राष्ट्रीय लीग, आणि तिचे रूपांतर आय-लीगमध्ये झाल्यावर 2007-08, 2009-10 व 2011-12. कोलकात्याला भारतीय फुटबॉलची पंढरी मानण्याची सवय असलेल्यांना हा आकडा पुन्हा वाचावा लागेल. 2008 मध्ये धेंपो एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंतही गेला. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, पुढे रँटी मार्टिन्स आणि बेटो. ही नावे एका दमात म्हणणारा चाहता त्यांच्यामागे कुलासोंचे नाव उच्चारत नसे. ते गृहीतच असे.

या पर्वात एक काळा दिवसही आहे. 5 डिसेंबर 2004 रोजी बंगळुरूमध्ये मोहन बागानविरुद्ध फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात धेंपोचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर याने दोन गोल केले आणि दुसऱ्या गोलाच्या वेळी गोलरक्षकाशी झालेल्या धडकेनंतर त्याचा मृत्यू झाला. क्लबाने त्याची दहा क्रमांकाची जर्सी कायमची बाजूला ठेवली. त्याच मोसमात संघाने लीग जिंकली. शोकात बुडालेला संघ सावरून विजेतेपदापर्यंत नेणे ही केवळ डावपेचांची गोष्ट नव्हे. कुलासोंचे मोठेपण पाच चषकांपेक्षा मला या मोसमात अधिक दिसते.

मग त्यांच्या जाण्याने थोडे हायसे का वाटावे? 2012 मध्ये रँटी मार्टिन्स गेला. आदल्या मोसमातील त्याच्या 32 गोलांची जागा भरून निघणे शक्यच नव्हते. 2012-13 मध्ये धेंपो पाचव्या स्थानावर घसरला. तेरा वर्षे एकच आवाज ऐकलेल्या संघाला नवा आवाज हवा, असे चाहता चारचौघांत म्हणू लागला. आणि तो आवाज बदलला तेव्हा घरी येऊन गप्प बसला. हा दुटप्पीपणा मानायचे कारण नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा अनुभव नियतकालिकांच्या बाबतीत परिचित असतो: संपादकाचा एकसुरीपणा खटकतो, आणि त्याच्यावाचूनचा अंक हाती आला की तो आपला वाटत नाही.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कुलासो ईस्ट बंगालचे प्रशिक्षक झाले. आता खरी पंचाईत. ज्या संघाच्या पराभवासाठी वर्षानुवर्षे नवस बोलले, त्याच्याच बाकावर आपला माणूस! त्या मोसमात ईस्ट बंगाल दुसरा आला, तेव्हा वाटलेला आनंद चाहत्याने बहुधा कोणाला सांगितला नसावा.

धेंपोमध्ये आर्थर पापास हे तरुण ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक आले, वर्षभरात गेले. पाठोपाठ ट्रेव्हर मॉर्गन आले. 2014-15 मध्ये क्लब पहिल्या श्रेणीतून खाली उतरला. गंमत अशी की गुणतक्त्यात सर्वात खाली होता पुण्याचा भारत एफसी; पण नव्या कंपनी-संघाला नियमानुसार अभय होते, म्हणून कुऱ्हाड पडली धेंपोवर. या घसरणीचा दोष नव्या प्रशिक्षकांच्या माथी मारणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली होती. एफसी गोवाच्या मालकांत श्रीनिवास धेंपे स्वतः होते. पैसा, प्रेक्षक आणि खेळाडू तिकडे वळत असताना जुन्या क्लबाच्या बाकावर कोण बसले आहे, हा प्रश्न दुय्यम ठरत चालला होता. दुसरी श्रेणी जिंकून धेंपो वर आला खरा, पण 2016 मध्ये महासंघाच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ साळगांवकर आणि स्पोर्टिंग क्लब यांच्याप्रमाणे त्यानेही आय-लीग सोडली. कुलासो थांबले असते तरी हे टळले नसते, असे मला वाटते. चाहत्याला मात्र 2013 हेच वर्ष आठवते, कारण व्यवस्थेला चेहरा नसतो आणि प्रशिक्षकाला असतो.

2023-24 च्या मोसमात धेंपो आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीतून पुन्हा वर चढला. बाकावर होते समीर नाईक, कुलासोंच्या बचावफळीतले. आमच्याकडे तालमीत अशाला वस्तादाचा पठ्ठा म्हणतात.