केरबा, वीज आणि ठिणगी

नांदुरा हे भुसावळ–नागपूर लोहमार्गावरील स्थानक. हा मार्ग १८६७ साली नागपुरास पोचला आणि १८७० साली नजीकच्या जलंबहून खामगावच्या कापूसबाजाराकडे फाटा निघाला. वऱ्हाडात वाफेवरचे जिन आले ते याच वाटेने. फोन्स मॅकार्थी याने १८४० साली अमेरिकेत पेटंट घेतलेल्या रूळ-जिनमध्ये चामडी रूळ रुई ओढून नेतो आणि पोलादी पात्याशी सरकी अडून राहते. कोरड्या हवेत हीच रुई लोखंडी पत्र्याला चिकटून राहते, हे तेथील कामगारास कोणी शिकवावे लागत नाही.

या चिकटण्यालाच युरोपात नाव मिळाले. ग्रीक भाषेत ‘एलेक्ट्रॉन’ म्हणजे केरबा. घासला असता तो गवताची काडी ओढतो, म्हणून विल्यम गिल्बर्टने १६०० साली असल्या पदार्थांना त्यावरून लॅटिन विशेषण दिले. फारसी ‘काहरुबा’ म्हणजे काडी हिरावणारा. आपला ‘केरबा’ तोच, आणि अरबीत विजेचे नाव त्यावरूनच आले. संस्कृतातही ‘तृणमणि’ होता. तथापि नवे शास्त्र मराठीत आले तेव्हा आपण घेतला तो ‘विद्युत्’, म्हणजे लखलखणारी. आकाशातील वीज आणि केरब्याचे आकर्षण ही एकाच जातीची आहेत, हे १७५२ साली फ्रँकलिनच्या योजनेनुसार फ्रान्समध्ये मेघातून ठिणग्या काढल्या गेल्या तेव्हा सिद्ध झाले. आपल्या शब्दाने काडीचा टप्पा गाळला, एवढेच.

‘घर्षणविद्युत्’ ही जुनी संज्ञाही पुरती समर्पक नव्हे. दोन पदार्थ नुसते टेकले तरी पृष्ठभागावरील काही इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जातात. घर्षणाने स्पर्शाची ठिकाणे वाढतात. पदार्थ विलग होताच, त्यांपैकी एक जरी दुर्वाहक असेल, तर त्यावरील भार परत जाऊ शकत नाही आणि साचत राहतो. पावसाळ्यात तंतूंवरील ओलावा तो वाहून नेतो. हिवाळ्या-उन्हाळ्यात, म्हणजे नेमका जिनच्या हंगामात, ती सोय नसते. विद्युत्-क्षेत्र मीटरमागे सुमारे ३० लक्ष व्होल्टवर गेले की हवेतील भटके इलेक्ट्रॉन वेगाने धावून रेणूंवर आदळतात, नवे इलेक्ट्रॉन मोकळे करतात, त्यांची एकच रांग लागते आणि ठिणगी पडते. यंत्राचा सांगाडा जमिनीशी जोडला तर धातूवरचा भार जातो. रुईवरचा नव्हे, कारण रुई दुर्वाहक आहे. त्यासाठी हवेत ओलावाच हवा.

येथे भाषेची एक अडचण प्रकट होते. कापसाबरोबर आलेला खडा किंवा खिळा पोलादावर आपटला तरी आपण ‘ठिणगी’च म्हणतो, वस्तुतः तो तापलेला कण असतो, हवेतील विसर्जन नव्हे. इंग्रजीतही हाच घोटाळा आहे. आगीच्या पंचनाम्यात ‘ठिणगीमुळे’ एवढेच लिहिले, तर चुंबक लावून खिळे वेचावेत की हवा ओलसर ठेवावी, याचा बोध होत नाही. माझ्या मते पहिलीस ‘आघात-ठिणगी’ आणि दुसरीस ‘विद्युत्-ठिणगी’ असे निराळे लिहिण्यास हरकत नसावी.