दिनविशेष : १८ नोव्हेंबर
चीनचं सोयाबीन, पुण्याचं वाण

वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा आज जन्मदिन. १८८४ साली मालवणात जन्मलेल्या आघारकरांनी कोलकाता विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची घडी बसवली. २ सप्टेंबर १९६० रोजी त्यांचं निधन झालं. १९९२ पासून त्यांचंच नाव मिरवणाऱ्या या संस्थेनं पुढं मूळच्या चिनी पिकाला आपलंसं केलं, ते म्हणजे सोयाबीन. चीनमधल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षांपूर्वी रानटी वेलीतून ते माणसाळवलं. आज मराठवाडा-विदर्भातल्या कित्येक घरांचा खरीप त्याच्यावर उभा आहे.

संस्थेचं ‘एमएसीएस १४०७’ हे वाण जवळून पाहण्यासारखं आहे. फूल पांढरं, दाणा पिवळा, त्यावर काळा डोळा. चक्रभुंगा, खोडमाशी, मावा यांना ते दाद देत नाही. शेंगा जमिनीपासून सात सेंटिमीटर वर लागतात आणि वाळल्यावर तडकत नाहीत, म्हणून यंत्रानं काढणी जमते. पीक १०४ दिवसांत तयार होतं, हेक्टरी उतारा ३९ क्विंटलपर्यंत. शिफारस मात्र आसाम, बंगाल, झारखंड, छत्तीसगड आणि ईशान्येसाठी.