नक्कल, रुजवात आणि सर्व्हर : तालुका कार्यालयातील अभिलेखव्यवस्थेचे स्थित्यंतर

प्रस्तावना :

बुलडाणा-मलकापूर मार्गावरील मोताळा हे बुलडाणा जिल्ह्यातील तेरा तालुक्यांपैकी एका तालुक्याचे मुख्यालय होय. नळगंगा धरणाचा परिसर आणि कापूस, सोयाबीन यांसारखी पिके असलेल्या या भागात शेतकऱ्याचा शासनाशी येणारा संबंध प्रामुख्याने कागदातून येतो. पीककर्ज, वारसनोंद, खरेदी-विक्री, भूसंपादनाचा मोबदला यांपैकी कोणत्याही कामासाठी त्याला सातबाऱ्याचा उतारा लागतो. हा उतारा पूर्वी रुमालात बांधलेल्या दप्तरातून हाताने उतरविला जात असे. पुढे तो सर्व्हरवरील संचिकेतून प्रिंटरवर छापला जाऊ लागला. या बदलाचा विचार बहुधा तंत्रज्ञानाच्या अंगाने केला जातो. वस्तुतः अभिलेख कोणी जपावा, त्याची नक्कल कोणी द्यावी आणि ती मुळाबरहुकूम आहे याची हमी कोणी घ्यावी, या जुन्या प्रशासकीय प्रश्नांचा तो एक टप्पा आहे.

उद्दिष्टे :

१) तालुका कार्यालयातील कागदी अभिलेखव्यवस्थेचे स्वरूप समजून घेणे.
२) फाइल व प्रिंट सर्व्हर या संकल्पनेचा उगम व तिचा कार्यालयीन उपयोग पाहणे.
३) या स्थित्यंतरात टिकलेल्या व सुटलेल्या जबाबदाऱ्यांचा शोध घेणे.

कागदी अभिलेखव्यवस्था :

१८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा प्रदेश ब्रिटिशांच्या ताब्यात आला व पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथे रयतवारी पद्धत लागू झाली. प्रत्येक शेताची मोजणी, आकारणी आणि खातेदाराची नोंद हा या पद्धतीचा पाया होता. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये अधिकार अभिलेखाची व्यवस्था एकसूत्री झाली. गाव नमुना सहामध्ये फेरफार, सातमध्ये अधिकार, बारामध्ये पिके आणि आठ-अ मध्ये खातेदाराची एकत्रित जमीन अशी ही रचना आहे.

या नोंदी जपण्यासाठी कार्यालयाची स्वतःची शिस्त होती. कागदपत्रांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करून कोणता कागद कायम ठेवावयाचा व कोणता ठरावीक मुदतीनंतर नष्ट करावयाचा, हे निश्चित केले जाई. टेबलावरील कागदांसाठी सहा गठ्ठे पद्धती होती : कार्यवाहीची प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे कागद. १९८० च्या दशकात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन रचनेत ज्या सुधारणा केल्या, त्या 'लखिना पॅटर्न' या नावाने राज्यभर ओळखल्या गेल्या. त्यांचा गाभाही कागद वेळेवर सापडावा हाच होता.

नक्कल देण्याच्या पद्धतीत एक बारकावा होता. नकलेवर अर्ज आल्याची, नक्कल तयार झाल्याची व दिल्याची तारीख असे. त्याचबरोबर नक्कल तयार करणारा आणि रुजवात घेणारा अशा दोघांच्या सह्या असत. एकाने उतरवावे व दुसऱ्याने मुळाशी ताडून पाहावे, ही श्रमविभागणी अपघाती नव्हती. लिहिणाऱ्याची चूक लिहिणाऱ्यालाच दिसत नाही, हा अनुभव तिच्यामागे होता.

सर्व्हर संकल्पनेचा उगम :

फाइल व प्रिंट सर्व्हर म्हणजे कार्यालयातील असा एक संगणक, की ज्यावर सर्वांच्या सामायिक संचिका राहतात आणि ज्याच्यामार्फत सर्वजण एकच प्रिंटर वापरतात. या कल्पनेचे मूळ काटकसरीत आहे. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७० च्या दशकाच्या आरंभी लेझर प्रिंटर विकसित झाला. हे यंत्र प्रत्येक टेबलावर ठेवणे शक्य नव्हते. १९७३ मध्ये याच केंद्रात आकारास आलेल्या इथरनेटने संगणक परस्परांना व प्रिंटरला जोडले गेले. १९८३ मध्ये नोव्हेल कंपनीच्या नेटवेअरने आणि १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटीने ही सोय सामान्य कार्यालयांपर्यंत नेली. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास सुरू केलेल्या सांबा या मुक्त प्रणालीमुळे आणि १९९९ मध्ये आलेल्या कप्स या मुद्रण प्रणालीमुळे परवानाशुल्काविना साध्या संगणकाचाही सर्व्हर करता येऊ लागला.

भूमी अभिलेखांचे संगणकीकरण :

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र पुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. महाराष्ट्रातून निवडलेला जिल्हा विदर्भातील वर्धा हा होता. १९९७-९८ पासून योजनेचा भर तालुका स्तरावर आला. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम सुरू झाला व २०१६ मध्ये त्याला डिजिटल इंडियाच्या कक्षेत नवे रूप मिळाले. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने अभिलेख सूचिबद्ध ठेवणे व योग्य अभिलेखांचे संगणकीकरण करून ते जाळ्याने जोडणे, हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्यच ठरविले.

मराठीपुरती एक अडचण वेगळी होती. आयआयटी कानपूर येथे उगम पावून पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेल्या जिस्ट तंत्रज्ञानाने संगणकावर देवनागरी आणली आणि १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक निश्चित झाले. तथापि, निरनिराळ्या फॉण्टमध्ये टंकलिखित केलेली संचिका दुसऱ्या संगणकावर वाचता येईलच, अशी खात्री नसे. युनिकोडचा वापर रूढ होईपर्यंत सामायिक संचिका ही नावापुरतीच सामायिक राहण्याचा धोका होता.

लहान कार्यालयातील सर्व्हर आणि जुनी शिस्त :

मोताळ्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी एखादे महाविद्यालय, सहकारी संस्था वा शासकीय कार्यालय असा सर्व्हर उभारते तेव्हा लागणारी सामग्री मोजकीच असते : एक संगणक, स्विच, तारा, प्रिंटर आणि अखंडित वीजपुरवठ्याचे यंत्र. भारनियमन सोसलेल्या ग्रामीण भागाला यातील शेवटच्या वस्तूचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. खरे काम सामग्री जोडल्यानंतर सुरू होते. सामायिक जागेतील कप्पे कसे पाडावेत, हा प्रश्न सहा गठ्ठ्यांचाच आहे. कोणाला केवळ वाचता यावे व कोणाला बदल करता यावा, हा प्रश्न दप्तराच्या किल्लीचा आहे. प्रिंटरकडे आलेली कामे सर्व्हर रांगेत लावतो. त्याची नोंद ठेवल्यास नक्कल अर्जांच्या नोंदवहीसारखा तिचा उपयोग होतो. दोन चकत्यांवर एकाच वेळी माहिती लिहिण्याची सोय केली, तरी चुकून पुसलेली संचिका दोन्हींवरून पुसली जाते. म्हणून निराळ्या जागी ठेवलेली दैनंदिन प्रत आवश्यक ठरते.

मात्र रुजवातीला सर्व्हरमध्ये आपोआप स्थान मिळत नाही. प्रिंटर संचिकेशी तंतोतंत जुळणारी नक्कल काढतो; परंतु संचिकाच मूळ नोंदीशी जुळत नसेल, तर तीच चूक प्रत्येक नकलेत सुबकपणे छापली जाते. राज्यात हस्तलिखित व संगणकीकृत सातबाऱ्यांमध्ये तफावती आढळल्या, त्या या कारणाने. एखाद्या खातेदाराचे नाव गळणे किंवा क्षेत्राचा आकडा बदलणे ही टंकलेखनाची किरकोळ चूक वाटते. परंतु तेवढ्यावरून कर्ज अडते व भाऊबंदकीचा वाद उभा राहतो. त्या दुरुस्त करण्यासाठी री-एडिटची सुविधा देण्यात आली आणि २०१७ मध्ये गावोगावी संगणकीकृत सातबाऱ्यांचे चावडीवाचन झाले. हे चावडीवाचन म्हणजे गावासमोर घेतलेली रुजवातच होती. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. स्वाक्षरीने उतारा अधिकृत असल्याची आणि त्यात नंतर बदल न झाल्याची खात्री पटते. मूळ नोंद बिनचूक भरली होती की नाही, हे ती सांगू शकत नाही.

निष्कर्ष :

१) सर्व्हरने कागदी दप्तराची साठवण व नक्कल ही दोन कामे स्वीकारली, वर्गवारी, अधिकार आणि जतन यांची शिस्त जुन्या व्यवस्थेकडूनच घ्यावी लागते.
२) रुजवातीचे काम यंत्राकडे गेले नाही. संगणकीकरणाच्या काळात ते कोणाचेच न राहिल्याने चुका साठत गेल्या व पुढे स्वतंत्र मोहिमेने त्या निस्तराव्या लागल्या.
३) कोणत्याही लहान कार्यालयाने सर्व्हर उभारताना माहिती भरणारा व ताडून पाहणारा या दोन व्यक्ती भिन्न ठेवाव्यात आणि दोघांची नावे नोंदवावीत. नकलेखालच्या त्या दुसऱ्या सहीला जेवढी किंमत पूर्वी होती, तेवढीच आजही आहे.