फॉसी

मुंबईत पवईच्या आयआयटीत चालणारा प्रकल्प. अभियांत्रिकीच्या शिक्षणात मुक्त संगणकप्रणाली रुजवणे आणि त्यांवर विद्यार्थ्यांनी केलेले काम तपासून ऑनलाइन सर्वांना खुले करणे, हे त्याचे मुख्य कार्य. केंद्र सरकारने २००९ साली सुरू केलेल्या, माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानातून त्याला निधी मिळाला. रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांचा त्याच्या उभारणीत मोठा वाटा आहे.

प्रकल्पामागची अडचण महाराष्ट्रातल्या कोणत्याही लहान महाविद्यालयाच्या ओळखीची आहे. कारखान्यांत आणि सल्लागारांच्या कार्यालयांत मॅटलॅब, अस्पेन प्लस, स्टाड प्रो अशा प्रणाली वापरतात. त्यांचे परवाने महाग. त्यामुळे प्रयोगशाळेत मोजक्या संगणकांवर पाळीपाळीने काम करावे लागते, नाहीतर फळ्यावरच्या आकृतीवर भागवावे लागते. पदवी हातात येते, पण प्रत्यक्ष आराखडा कसा करतात हे नोकरी लागल्यावरच कळते.

फॉसीने सुरुवातीपासून विद्यार्थ्याच्या नेहमीच्या अभ्यासालाच हात घातला. ‘पाठ्यपुस्तक सोबती’ या उपक्रमात विद्यार्थी एखादे प्रमाण पाठ्यपुस्तक घेतो आणि त्यातल्या सोडवलेल्या उदाहरणांसाठी सायलॅब या मूळच्या फ्रेंच प्रणालीत आज्ञावली लिहितो. उत्तर पुस्तकाशी ताडून पाहिले जाते, जाणकार काम तपासतात, मानधन मिळते आणि आज्ञावली खुल्या परवान्याने प्रसिद्ध होते. रासायनिक शाखेचे विद्यार्थी डीडब्ल्यूसिम या ब्राझीलमध्ये जन्मलेल्या प्रणालीत प्रक्रियांचे प्रवाह-आराखडे मांडतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या मंडलांसाठी ईसिम आहे. एरवी जर्नल सही होऊन कपाटात जाते. इथे तेच काम पुढच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडते, आणि प्रकल्पाचे खरे मोल त्यातच आहे.

उद्योगाच्या सर्वांत जवळ जाते ते ऑसडॅग, म्हणजे पोलादी बांधकामाच्या आराखड्याची प्रणाली. पुस्तकात तुळई आणि खांब यांची बले नीट शिकवली जातात. त्या दोघांचा जोड अर्ध्या तासात उरकला जातो. पोलादी सांगाडे तयार करणाऱ्या फॅब्रिकेटरचे बरेचसे काम मात्र त्या जोडातच असते. ऑसडॅगमध्ये तुळईचा छेद, येणारे कातरबल, बोल्टचा व्यास आणि पट्टीची जाडी भरली की भारतीय मानक ८००:२००७ प्रमाणे जोड तपासला जातो. समजा, २० मि.मी. व्यासाचा बोल्ट घेतला. त्याचे छिद्र २२ मि.मी.चे. दोन बोल्टांच्या केंद्रांत किमान ५० मि.मी. अंतर हवे, आणि यंत्राने कापलेल्या कडेपासून छिद्राचे केंद्र किमान ३३ मि.मी. आत हवे. कड कातरीने किंवा हातातल्या ज्योतीने कापलेली असेल तर हेच अंतर ३७.४ मि.मी. होते. पत्रा कसा कापला यावर आराखडा बदलतो, हे वर्कशॉपमध्ये उभ्या असलेल्या माणसाला पाठ असते. वर्गातल्या विद्यार्थ्याला ते इथे उमगते. शेवटी मिळणाऱ्या अहवालात प्रत्येक तपासणी मानकाच्या कलमासह येते, त्यामुळे शिक्षकाला किंवा अनुभवी अभियंत्याला ती ओळ न् ओळ पडताळता येते.

आयआयटी मुंबईतच घडलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या जोडप्रकल्पाचे ध्वनिचित्रपाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत. साधारण दहा मिनिटांचा पाठ एका बाजूला लावून दुसऱ्या बाजूला तेच करून पाहायचे, ही त्याची रीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना तिचा मोठा आधार आहे.

मर्यादाही आहेत. मोठ्या कंपन्यांत अजून विकतच्या प्रणालींचेच राज्य आहे. शिवाय कारखान्यातले खरे आकडे, म्हणजे नळ्यांत साचणारा गाळ किंवा कच्च्या मालातली भेसळ, क्वचितच बाहेर येतात. त्यामुळे विद्यार्थ्यांचे आराखडे बहुधा छापील माहितीवरच उभे राहतात. ही उणीव महाविद्यालये एकटी भरून काढू शकत नाहीत. चाकण, बुटीबोरी, तारापूरच्या उद्योगांनी आपल्या जुन्या, गोपनीय न राहिलेल्या कामांची आकडेवारी जवळच्या महाविद्यालयांना खुली करून द्यावी.