मत्स्याहारातील ‘आवश्यक’ अमिनो आम्ले

माशांच्या खाद्यात प्रथिन किती असावे, हाच प्रश्न पूर्वी मुख्यत्वे विचारला जाई. प्रथिन कोणत्या घटकांचे, हा प्रश्न मागाहून आला. १९३५ साली रोझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी थ्रिओनिनचा शोध लावला आणि शुद्ध अमिनो आम्लांच्या मिश्रणावर उंदीर वाढविणे शक्य झाले. हीच पद्धती हॅल्व्हर, डी लाँग व मर्ट्‌झ यांनी १९५७ मध्ये चिनूक सामन माशास लावली. खाद्यातून एकेक आम्ल वगळले असता दहांच्या बाबतीत पिलांची वाढ खुंटली. ते परत देताच वाढ पुन्हा सुरू झाली. ही दहा आम्ले ‘आवश्यक’ ठरली.

ही संज्ञा मात्र फसवी आहे. इतर आम्लेही शरीरास हवीच असतात. परंतु ती शरीर स्वतः घडविते. ‘आहारातूनच मिळावयास हवे’ हा येथे ‘आवश्यक’चा अर्थ होय. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. भुईमुगाच्या पेंडीत प्रथिन विपुल, पण लायसिन व मेथिओनिन तोकडे असते. मासळीच्या भुकटीऐवजी पेंड योजताना प्रथिनाची टक्केवारी जुळली, तरी मासा वाढेलच असे नाही. यास्तव ‘आहारावश्यक’ ही संज्ञा अधिक नेमकी ठरेल.