राखेचे मोजमाप आणि राज्याचा परवाना

घर पेटले म्हणजे ते पाहावयास सारा गाव लोटतो. पण दुसऱ्या दिवशी वही घेऊन राख मोजावयास जो एकटा इसम येतो, त्याच्याकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच जाते. विमेवाले त्यास ‘ॲडजस्टर’ म्हणतात. जळाले किती, त्यांपैकी विमापत्राच्या कलमांत बसते किती, आणि भरपाई किती द्यावयाची, हे ठरविणे त्याचे काम. अमेरिकेत पुष्कळ राज्यांत त्यास राज्य सरकारचा परवाना घ्यावा लागतो, आणि सबंध देशात चालणारा परवाना तेथे मुळी नाहीच. या व्यवस्थेचे मूळ शोधू गेल्यास आपण एका किरकोळ दंडाच्या खटल्यापाशी येऊन पोचतो.

परराज्यातील विमाकंपनीने रोखे अनामत ठेवल्यावाचून तिच्या प्रतिनिधीस परवाना देऊ नये, असा कायदा व्हर्जिनिया राज्याने १८६६ साली केला. सॅम्युएल पॉल हा न्यूयॉर्कच्या कंपन्यांचा प्रतिनिधी. परवाना नाकारला गेला तरी त्याने विमापत्र विकलेच, आणि त्यास ५० डॉलर दंड झाला. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यामागे विमाकंपन्यांचा हेतू होता. राज्याराज्यांच्या जाचातून सुटून त्यांस एका मध्यवर्ती सत्तेच्या छत्राखाली यावयाचे होते. पण करावयास गेले गणपती आणि झाला मारुती! विमापत्र देणे हा आंतरराज्य व्यापार नव्हेच, असा १८६९ साली निकाल लागला आणि विम्याचे नियमन राज्यांच्या पदरात पडले. १९४४ साली न्यायालयाने हे मत फिरविले. परंतु दुसऱ्याच वर्षी मॅककॅरन-फर्ग्युसन कायद्याने तो अधिकार राज्यांकडेच राहिला.

मात्र या वादात राख मोजणाऱ्याचा विचार कोणीच केला नव्हता. त्याच्या हाती केवढी सत्ता असते, हे सॅन फ्रान्सिस्कोने दाखविले. १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे तेथे भूकंप झाला. मागोमाग आगी लागल्या आणि सुमारे २८,००० इमारती नाहीशा झाल्या. लोकांचा विमा होता तो आगीचा, भूकंपाचा नव्हे. शिवाय अनेक विमापत्रांत असे कलम होते की, आगीवाचून अन्य कारणाने इमारत कोसळल्यास विमा तत्क्षणी संपला. तेव्हा घर आधी पडले की आधी पेटले, या एका प्रश्नावर एकेका कुटुंबाचे सर्वस्व लटकू लागले. साक्षीस काय, तर राख! कागदपत्रेही अनेकांची जळालेली. काही कंपन्यांनी पुरती रक्कम दिली, काहींनी शेकडा पंचवीस कापून घेतले, तर काही युरोपीय कंपन्यांनी सपशेल कानांवर हात ठेविले. एकाच ज्वाळेत गेलेल्या दोन शेजाऱ्यांच्या पदरी निरनिराळा न्याय पडला, तो असा.

अशा प्रसंगी मोजणारा नुसता हुशार असून भागत नाही. तो कोणाचे मीठ खातो हेही विमेदारास ठाऊक असले पाहिजे. आजच्या परवान्यांतील भेद मला याच दृष्टीने महत्त्वाचे वाटतात. कंपनीचा पगारी नोकर हा एक, अनेक कंपन्यांचे काम पत्करणारा स्वतंत्र ॲडजस्टर हा दुसरा, आणि विमेदाराचा वकील शोभावा असा ‘पब्लिक ॲडजस्टर’ हा तिसरा. या तिसऱ्यानेही संकटग्रस्तास नागवू नये म्हणून फ्लोरिडाने त्याच्या मेहनतान्यास मर्यादा घातली आहे: एरव्ही भरपाईच्या शेकडा २०, आणि राज्यपालांनी जाहीर केलेल्या आपत्तीत पहिले वर्षभर शेकडा १०. पहिल्या दोघांची तऱ्हा राज्यागणिक बदलते. टेक्सासमध्ये पगारी नोकरासही परवाना हवा, तर कित्येक राज्यांत त्यास तो लागतच नाही. परीक्षा, बोटांचे ठसे, शुल्क हे सोपस्कार एकदाचे उरकतात. पण परवाना टिकविण्यासाठी टेक्सासमध्ये दर दोन वर्षांनी २४ तासांचे शिक्षण पुरे करावे लागते.

आपल्याकडे ही वाट निराळी पडली. १९३८ च्या विमा कायद्यात १९६८ साली दुरुस्ती होऊन वीस हजार रुपये वा त्याहून अधिक नुकसानीच्या दाव्यास परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल आवश्यक ठरला, आणि तो परवाना देणारी सत्ता मध्यवर्तीच राहिली. मुंबईच्या सर्व्हेअरास परराज्यातली जळालेली गिरणी मोजावयाची तर दुसऱ्या सरकारचे दार ठोठवावे लागत नाही. अमेरिकेत मात्र वादळे राज्यांच्या सीमा जुमानीत नाहीत, आणि परवाने तर सीमेपाशीच थांबतात. म्हणून मोठ्या चक्रीवादळानंतर फ्लोरिडासारखे राज्य परक्या ॲडजस्टरांस तात्पुरती परवानगी देते. आणि ज्यांच्या स्वतःच्या राज्यात असा परवानाच नाही, ते दुसरे एखादे राज्य कागदोपत्री ‘घरचे’ मानून तेथला परवाना खिशात घालून वादळांमागे फिरत असतात.