सीझ झालेल्या इंजिनाचा इतिहास

इंजिन सीझ झालेली स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, कामाला आली की मी आधी दोन्ही प्लग काढते आणि स्टार्टरची दोरी हलक्या हाताने ओढून बघते. दोरी हललीच नाही तर जोर लावायचा नाही. प्लगच्या भोकातून तेल सोडायचं, रात्रभर मुरू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी क्लचला धरून क्रँक जरासा पुढेमागे होतो का ते बघायचं. तो सुटला की सायलेन्सर उतरवून एक्झॉस्टच्या पोर्टमधून बॅटरी मारायची. पिस्टनचं अंग तिथून दिसतं. काय बिघडलं आणि कुठे बिघडलं, ते बरंचसं त्याच्यावर उमटलेलं असतं.

हे वाचायला मी कोल्हापुरात शिकले. उद्यमनगरात आमचं रिबोअरचं दुकान होतं. चेतक, राजदूत, येझ्दी, लूना अशा सगळ्यांचे ब्लॉक आमच्या बाकावर यायचे. माझे आबा आधी ब्लॉकच्या आत बोट फिरवायचे, मग बोअर गेज लावायचे, आणि गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचे, "चढावर बंद पडली का उतारावर?" लांबच्या उतारावर थ्रॉटल मिटून गाडी सोडली की टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोल मिळत नाही आणि पेट्रोलबरोबर येणारं तेलही मिळत नाही, हे मला शाळेत असतानाच कळलं होतं. आता मी कॅनडात, ओंटारिओतल्या सडबरीजवळ राहते. हिवाळाभर माझ्या बाकावर स्नोमोबिलची इंजिनं असतात, आणि त्यातली बरीचशी टू-स्ट्रोक.

या वाहनाचा इतिहास इथे सगळ्यांना पाठ असतो. कोणत्या कंपनीने काय काढलं, कोण कोणती शर्यत जिंकलं, लोक भरभरून सांगतात. मला त्यात एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते. स्नोमोबिलच्या इंजिनात झालेला जवळपास प्रत्येक मोठा बदल कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या सीझिंगला दिलेलं उत्तर आहे. ते उत्तर कारखान्यातून येईपर्यंतची वर्षं ज्यांनी रानात, गोठलेल्या तळ्यांवर, वस्तीपासून दूर काढली, त्यांनी हे इंजिन खऱ्या अर्थाने शिकून घेतलं.

सुरुवात अर्थात क्वेबेकमधल्या व्हालकूर गावी. जोझेफ-आर्मां बोंबार्दिए यांचा जन्म १९०७चा. १९२२च्या शेवटी, पंधरा वर्षांच्या या मुलाने फोर्ड मॉडेल टीचं इंजिन घसरगाडीवर बसवलं, मागे लाकडी पंखा लावला आणि भावाला सोबत घेऊन गावातून गाडी चालवून दाखवली. पुढे गावातच त्यांनी गॅरेज काढलं. एका माणसाने चालवावी अशी छोटी, हलकी गाडी त्यांच्या डोक्यात तेव्हापासून होती, पण त्या काळी हलकं आणि भरवशाचं इंजिन मिळतच नव्हतं. म्हणून ते मोठ्या गाड्यांकडे वळले. १९३४च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्स फुटून गेला. रस्ते बर्फाखाली होते, इस्पितळ गाठता आलं नाही. १९३७मध्ये त्यांनी दातेरी चाक आणि पट्ट्याच्या रचनेचं पेटंट घेतलं. मग बी-सेव्हन ही सात माणसांची गाडी आली, तिच्यामागून बारा जणांची बी-ट्वेल्व्ह. डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं यांची ने-आण या गाड्यांतून होऊ लागली. १९४८पासून क्वेबेक सरकारने खेड्यांतल्या रस्त्यांवरचा बर्फ हटवायला सुरुवात केली आणि या गाड्यांची मागणी एकदम पडली. छोट्या गाडीचं जुनं स्वप्न त्यांनी पुन्हा हाती घेतलं ते त्यानंतर.

१९५९मध्ये स्की-डू आली. पहिल्या मोसमात २२५ विकल्या गेल्या. त्या पहिल्या गाडीत कोहलर कंपनीचं सात हॉर्सपॉवरचं इंजिन होतं आणि ते फोर-स्ट्रोक होतं, हे आज अनेकांच्या ध्यानात नसतं. ऑस्ट्रियातल्या गुन्स्किर्खेनच्या रोटॅक्स कारखान्याची टू-स्ट्रोक इंजिनं १९६२पासून बसू लागली. १९७०मध्ये तो कारखानाच बोंबार्दिए कंपनीने विकत घेतला.

टू-स्ट्रोकच का, याची कारणं साधी आहेत. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, तळाशी तेलाचं कुंड नाही. उणे ३५ अंशांत कुंडातलं तेल घट्ट होतं, क्रँक फिरता फिरत नाही आणि इंजिन सुरू करणं मुश्कील होऊन बसतं. गाडी कड्यावर आडवी झाली की तेच तेल भलतीकडे जातं. टू-स्ट्रोकला ही कटकट नाही. शिवाय क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट, म्हणजे वजनाच्या मानाने ताकद जास्त. भुसभुशीत बर्फात रुतलेली गाडी एकट्या माणसाला उचलून काढायची असेल तर हे वजनच सगळ्यात महत्त्वाचं. या हलकेपणाची किंमत एकच. पिस्टन, रिंगा, बेअरिंग या सगळ्यांना मिळणारं तेल पेट्रोलच्या सोबतीनेच येतं. सुरुवातीच्या गाड्यांत वीस भाग पेट्रोलला एक भाग तेल लागे. तेलाचा दर्जा सुधारल्यावर हेच प्रमाण पन्नासाला एक झालं. पेट्रोल कमी पोचलं की तेलही कमी पोचलं, आणि वर आतली आग अधिक तापली. दोन्ही संकटं एकदमच येतात.

सध्या बाकावर आहे ते सत्तरच्या दशकातलं रोटॅक्स इंजिन, दोन सिलिंडरचं, पंख्याने थंड होणारं. हे उघडताना मला घरचं काम हातात आल्यासारखं वाटतं, कारण चेतकचं इंजिनही असंच. स्कूटरचं इंजिन पत्र्याआड असतं, त्याला समोरचा वारा लागत नाही, म्हणून मॅग्नेटवर पंखा आणि सिलिंडरभोवती पत्र्याचं टोपण. स्नोमोबिलमध्ये इंजिन हुडखाली झाकलेलं, इथे पंखा पट्ट्यावर फिरतो. पट्टा तुटला आणि चालवणाऱ्याला कळलं नाही तर काही मिनिटांत खेळ आटोपतो. शर्यतीच्या गाड्यांत हा पंखा नको म्हणून सत्तरच्या दशकात इंजिनं उघडी टाकून वाऱ्यावर थंड करण्याचा प्रयोग झाला. सपाट मैदानात वेगाने जाताना तो छान चाले, दाट झाडीतून हळू जाताना मात्र इंजिन तापे.

या गाडीचा मालक म्हातारा आहे, उत्तरेत सापळे लावून हयात गेली. त्याची खात्री होती की पेट्रोलमध्ये तेल कमी पडलं. बॅटरी मारून बघितलं तर मॅग्नेटच्या बाजूचा पिस्टन स्वच्छ, आणि क्लचच्या बाजूचा मात्र एक्झॉस्टकडच्या अंगाला खरवडून निघालेला. माथा पांढुरका, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी होतं. दोन्ही सिलिंडरना एकच कार्बोरेटर, एकच टाकी. तेल कमी पडलं असतं तर दोघांनाही पडलं असतं. एकालाच त्रास होतो तेव्हा त्या बाजूला कुठून तरी हवा आत शिरत असते.

म्हणून हेड खोलण्याआधी हवेची तपासणी. कार्बोरेटर काढून तिथे रबरी बूच, एक्झॉस्टला बूच, क्लच उतरवलेला, आणि प्लगच्या भोकातून हातपंपाने सहाएक पौंड दाब. काटा स्थिर राहायला हवा, तो खाली सरकत होता. साबणाचं पाणी ब्रशने जोडाजोडांवर लावत गेले. केसचा जोड कोरडा, पॅकिंग ठीक, आणि क्लचमागच्या ऑइल सीलला ब्रश टेकताच बारीक फेस वर आला. सील काढली तेव्हा तिचा ओठ कडक होऊन चिरला होता. गाडी अनेक उन्हाळे शेडमध्ये पडून होती, रबर वाळलं. सील न बदलता नुसते पिस्टन घातले असते तर इंजिन पुन्हा सीझच झालं असतं. असे काम करणारे दोन्ही देशांत भेटतात आणि मला त्यांचा राग येतो. मालकाचे पैसे जातात हे एक, पण इथे मालक वस्तीपासून पंचवीस मैलांवर उणे तिसात अडकू शकतो.

इथल्या थंडीने सीझिंगचा एक असा प्रकार दिला जो उद्यमनगरात कधी बघितला नव्हता. पिस्टनच्या अंगावर चार ठिकाणी उभे ओरखडे, बाकी सगळं चकचकीत. गाडी सुरू केली आणि लगेच पिटाळली की असं होतं. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडापेक्षा सुमारे दुपटीने फुगतं. पिस्टन झटक्यात तापून वाढतो, सिलिंडर अजून गारठलेला असतो, आणि दोघांतली जागा मुळात मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. पिस्टन पिनेच्या आसपास जिथे धातू जाड, तिथे आधी टेकतो.

हवेचाही हिशोब आहे. शून्य अंशाच्या मानाने उणे तिसाची हवा सुमारे बारा टक्के अधिक घन असते. इंजिन तेवढीच हवा ओढतं पण तिच्यात प्राणवायू जास्त, म्हणजे पेट्रोलही तेवढं वाढायला हवं. कार्बोरेटरचा जेट मात्र जेवढ्याला तेवढाच. जुन्या टिलॉटसन कार्बोरेटरला बाहेरून स्क्रू होता, माणूस हवा बघून तो फिरवायचा. नंतरच्या मिकुनीत तपमानाप्रमाणे जेटच बदलावा लागे. सौम्य दिवसाचा जेट कडाक्याच्या रात्री तसाच राहिला की पिस्टनला भोक. हे ज्ञान छापील तक्त्यांत होतं, पण रानात तक्ता कोण बघतो? प्लगचा रंग बघून ठरवणारी माणसं तयार झाली, हीच खरी शाळा.

ती शाळा उत्तरेत फार लवकर भरली. १९५९मध्येच उत्तर ओंटारिओतल्या लान्सडाउन हाउस या मूलनिवासी वस्तीत, तिथले मिशनरी फादर मॉरिस उईमे यांच्याकडे एक स्की-डू गेली. सीमेपलीकडे मिनेसोटातल्या रोझो गावी पोलारिसवाल्यांनी १९५६पासून आपली गाडी विकायला काढली होती. १९६०मध्ये त्यांच्यातलेच एडगर हेटीन तिच्यावरून अलास्कात बेथेलपासून फेअरबँक्सपर्यंत बाराशे मैल गेले. फिनलंडमध्ये सेव्हेत्तियार्वीच्या सामी लोकांत साठच्या दशकात गाड्या पोचल्या आणि काही वर्षांतच रेनडिअरच्या घसरगाड्या मागे पडल्या. पेर्ती पेल्टो या मानववंशशास्त्रज्ञाने त्यावर १९७३मध्ये एक पुस्तकच लिहिलं. ज्याच्याकडे पेट्रोलला आणि सुट्या भागांना रोख पैसा होता तो रेनडिअरचा कळप सांभाळू शकला, नसलेला मागे राहिला, हे त्यातलं निरीक्षण मला पटतं. सीझ झालेल्या इंजिनाचा खर्च सगळ्यांना सारखा झेपत नाही.

इन्युइटांच्या घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांविषयी बोलताना मात्र सगळं यंत्राच्या माथी मारू नये. पन्नास-साठच्या दशकांत वस्त्यांमध्ये पोलिसांनी आणि अधिकाऱ्यांनी कुत्रे मारले, ही वेगळी आणि कडू गोष्ट आहे. त्याबद्दल कॅनडा सरकारने किकिकतानी भागातल्या इन्युइटांची २०१९मध्ये माफी मागितली. कुत्रे गेले तिथे यंत्रावाचून पर्याय उरला नाही, आणि मग शिकारी माणसाला मेकॅनिक व्हावंच लागलं. आजही त्या बाजूची जाणती माणसं एकट्याने लांब जात नाहीत. पेटीत प्लग असतात, पट्टा असतो, आणि जुन्या गाडीसाठी कधी पिस्टन-रिंगासुद्धा.

कारखान्यांकडून उत्तरं येत राहिली. १९७१च्या सुमारास उत्तर अमेरिकेत वर्षाला जवळपास पाच लाख गाड्या विकल्या जात होत्या, बनवणारे शंभरावर. त्यातले बहुतेक तेलसंकटानंतर संपले. टिकले त्यांनी पाण्याने थंड होणारी इंजिनं आणली, पण ते पाणी थंड करायला रेडिएटरऐवजी गाडीखालच्या पट्ट्याने उडवलेला बर्फ वापरला. निखळ बर्फकाचेवरून, म्हणजे भुगा न उडणाऱ्या तळ्यावरून गेलं की इंजिन तापतंच. तेलासाठी वेगळा पंप आला, मिसळायची चूक टळली, पण पंप बंद पडण्याची सोय झाली. आणि निकासिल आलं. जर्मनीच्या माले कंपनीने १९६७मध्ये काढलेला हा मुलामा ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून देतात. सिलिंडर आणि पिस्टन एकाच धातूचे झाले, दोघं बरोबरीने फुगू लागले, बरेच सीझ टळले. पण निकासिलला रिबोअर नाही. खराब झाला तर दूर पाठवून पुन्हा मुलामा द्यायचा किंवा नवा आणायचा. आमच्या लेथचं काम तिथे संपलं. इंजिनाच्या दृष्टीने तो बदल चांगलाच होता, असंच माझं मत आहे.

बाकावरचा ब्लॉक मात्र बिडाच्या लाइनरचा, त्यामुळे सगळं आबांच्या पद्धतीने. बोअरला चिकटलेलं ॲल्युमिनियम काठीला फडकं गुंडाळून ॲसिडने पुसायचं. ते फसफसतं, धुवायचं, पुन्हा लावायचं. फसफस थांबली की खाली उरतं ते बीड, आणि खरा ओरखडा किती खोल ते तेव्हा कळतं. हा नखाला लागत होता. दोन्ही सिलिंडर पुढच्या ओव्हरसाइझला बोअर केले, होन मारला. मग फोर-स्ट्रोकवाला विसरतो ते काम, पोर्टच्या धारदार कडा हाताने घासून मोडणे. रिंग त्या खिडकीवरून मिनिटाला हजारो वेळा जाते, कड धारेची राहिली तर रिंग अडकून तुटते. आबा या कामाला कुणालाही घाई करू द्यायचे नाहीत. रिंगांची फट बोअरमध्ये बसवून मोजली, पिस्टनचा बाण एक्झॉस्टकडे, पिनेच्या क्लिपा नव्या, दोन्ही सील नव्या, पॅकिंग नवं, पुन्हा हवा भरून काटा पाहिला.

काटा हलला नाही. इंजिन सुरू करून तापू दिलं, बंद करून पूर्ण निवू दिलं, असं काही वेळा केलं. म्हाताऱ्याला मी पहिल्या टाकीला तेल जास्त घालायला, जेट मोठाच ठेवायला आणि रोज सकाळी हुडवर हात ठेवून ऊब लागेपर्यंत न निघायला सांगितलं. या इंजिनाला अजून एक ओव्हरसाइझ शिल्लक आहे. त्या मापाचे पिस्टन आता सहज मिळत नाहीत, म्हणून त्याने आजच एक जोडी मागवून ठेवली आहे.